हस्तांदोलन आधी, तक्रार नंतर

‘मोटार शर्यत आणि हार’ या विषयावर प्रश्न मागवले, तेव्हा इंजिन, टायर आणि वेग यांविषयीच अधिक विचारणा होईल अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात बरीचशी पत्रे रडू, राग आणि रुसवे यांच्याविषयी निघाली. त्यांतील सहा निवडली आहेत. आपले नाव छापू नये असे बहुतेकांनी कळवल्यामुळे सर्वांचीच नावे वगळली आहेत.

प्रश्न : २००८ साली ब्राझीलमध्ये फेरारीचा फेलिपे मासा फॉर्म्युला वनची शर्यत जिंकूनही जगज्जेतेपद हरला. पोडियमवरच्या, म्हणजे विजेत्यांच्या मंचावरच्या, त्याच्या चेहऱ्याचा व्हिडिओ मी कितीदा तरी पाहिला आहे. हातातोंडाशी आलेला घास असा गेल्यावर माणूस इतका शांत कसा राहतो? आणि तो एवढ्या मोठ्या मनाचा होता, तर मग आता न्यायालयात का गेला? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

शांत तो नव्हताच. व्हिडिओ पुन्हा पाहिलात तर डोळे लाल झालेले दिसतील आणि ओठ आवळलेले दिसतील. छातीवर मूठ आपटून तो समोरच्या गर्दीकडे पाहतो आहे, आणि ती गर्दी त्याच्याच शहराची, साओ पावलोची आहे. रडणे आणि खिलाडूवृत्ती यांचे वैर असल्याचा समज आपल्याकडे शाळेच्या मैदानापासून पक्का होतो. तो त्या दिवशी तरी खोटा ठरला.

त्या दिवसाचा, म्हणजे २ नोव्हेंबर २००८ चा, हिशोब असा होता. मोसमाची शेवटची शर्यत होती; प्रतिस्पर्धी लुईस हॅमिल्टनचे ९४ गुण होते आणि मासाचे ८७. मासा जिंकला तर त्याचे ९७ होणार होते, आणि हॅमिल्टनला निदान पाचवा क्रमांक, म्हणजे ४ गुण, हवे होते. शेवटच्या काही फेऱ्यांत पाऊस आला. जवळपास सगळे पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यावर, शिरून ओल्या रस्त्याचे टायर चढवून आले. टोयोटाच्या टिमो ग्लॉकने कोरडे टायर ठेवून जुगार खेळला. सेबास्टियन फेटलने हॅमिल्टनला मागे टाकले आणि हॅमिल्टन सहावा झाला. मासाने रेषा ओलांडली तेव्हा तो जगज्जेता होता, आणि फेरारीच्या गॅरेजमध्ये त्याचे घरचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होते. तिकडे निसरड्या रस्त्यावर ग्लॉकची गाडी अक्षरशः चाचपडत चालली होती, आणि अखेरच्या वळणावर आधी फेटल, मग हॅमिल्टन त्याच्या पुढे निघून गेले. हॅमिल्टन पाचवा, ९८ विरुद्ध ९७. गॅरेजमधल्या नाचणाऱ्यांना हे कोणीतरी जाऊन सांगावे लागले. मासाला ते गाडीतच, रेडिओवर, त्याच्या इंजिनिअरकडून कळले.

यानंतर तो गाडीतून उतरला, पोडियमवर चढला, प्रेक्षकांना अभिवादन केले आणि पत्रकारांपुढे बसून हॅमिल्टनचे श्रेय मान्य केले. त्याच्या हातात तेवढेच होते आणि तेवढे त्याने केले.

आता न्यायालयाविषयी. त्याच मोसमात सिंगापूरच्या शर्यतीत रेनॉ संघाच्या नेल्सन पिके ज्युनियरने गाडी भिंतीवर मुद्दाम आदळली होती, आपल्या संघातील फर्नांडो अलोन्सोचा फायदा व्हावा म्हणून. हे २००९ मध्ये उघड झाले. त्या अपघातामुळे सेफ्टी कार (अपघातानंतर सर्व गाड्यांना आपल्यामागे संथ रांगेत चालवणारी गाडी) आली, सगळे घाईने पिटमध्ये गेले, आणि आघाडीवर असलेल्या मासाची गाडी इंधनाची नळी तशीच अडकलेली असताना निघाली. तो तेरावा आला. खेळाच्या सूत्रधारांना हा प्रकार २००८ मध्येच ठाऊक होता आणि तरीही त्यांनी हातावर हात ठेवले, असा मासाचा आरोप आहे. २०२४ मध्ये त्याने लंडनच्या उच्च न्यायालयात मोटार शर्यतींचा जागतिक महासंघ, फॉर्म्युला वनचे व्यवस्थापन आणि त्या काळचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांच्याविरुद्ध दावा लावला. हॅमिल्टन त्यात प्रतिवादी नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. पोडियमवर ज्याचे अभिनंदन केले त्याच्याशी भांडण नाही. ज्यांनी कारभार पाहायचा होता त्यांच्याशी आहे.

मात्र ‘माझ्यावर अन्याय झाला’ अशी वही उघडणाऱ्याने दोन्ही बाजू लिहाव्यात, असे माझे मत आहे. हंगेरीत तीन फेऱ्या उरल्या असताना मासाचे इंजिन जळाले, ते घाट्याच्या बाजूला. पण बेल्जियममध्ये पहिला आलेल्या हॅमिल्टनला शर्यतीनंतर २५ सेकंदांचा दंड झाला आणि विजय मासाच्या पदरात पडला, तो जमेच्या बाजूला. आणि सिल्व्हरस्टोनच्या पावसात मासाने स्वतः पाच वेळा गिरकी घेतली, ती नोंद कोणत्या रकान्यात टाकायची हे त्याचे त्यालाच ठाऊक. एका गुणाने हरलेल्या मोसमात असा एक गुण कुठेही सापडतो.

प्रश्न : २०२१ च्या अबुधाबी शर्यतीनंतर हॅमिल्टनने व्हर्स्टॅपेनचे हसतमुखाने अभिनंदन केले आणि थोड्याच वेळात त्याच्या संघाने निकालाविरुद्ध तक्रार दाखल केली. याला ढोंग का म्हणू नये? (निवृत्त शिक्षक, सांगली)

आपला ‘हसतमुखाने’ हा शब्द मी आदरपूर्वक खोडतो. शेवटच्या फेरीत रेडिओवर, हे सारे घडवून आणले जात आहे, अशा अर्थाचे शब्द हॅमिल्टनच्या तोंडून निघाले होते. थेट प्रक्षेपणात ते ऐकू आले नाहीत, नंतर बाहेर आले. शर्यत संपल्यावर तो बराच वेळ गाडीतच बसून राहिला. हेल्मेटच्या आत काय चालले होते ते त्याला माहीत. मग तो उतरला आणि मुलाखतीत सर्वांत आधी मॅक्स व्हर्स्टॅपेनचे व त्याच्या संघाचे अभिनंदन केले. लुईसचे वडील अँथनी यांनीही व्हर्स्टॅपेन पितापुत्रांचे अभिनंदन केले. मला विचाराल तर त्या संध्याकाळचे सर्वांत अवघड काम त्या वडिलांनी केले.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मोसमाच्या या शेवटच्या शर्यतीपूर्वी दोघेही ३६९.५ गुणांवर बरोबरीत होते. हॅमिल्टन आरामात आघाडीवर असताना ५८ पैकी ५३व्या फेरीत निकोलस लतीफीची गाडी भिंतीवर गेली आणि सेफ्टी कार आली. व्हर्स्टॅपेनने नवे मऊ टायर चढवले. हॅमिल्टन जुन्या कडक टायरवरच राहिला. शर्यत संचालक मायकेल मासी यांनी, एक फेरी मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त या दोघांच्या मधल्या पाच गाड्यांना पुढे जाऊ दिले आणि शेवटची एक फेरी खेळवली. ती फेरी कोण जिंकणार हे टायर पाहूनच कळत होते; व्हर्स्टॅपेन जिंकला आणि जगज्जेता झाला. मार्च २०२२ मध्ये महासंघाच्या अहवालाने हा मानवी चुकीचा प्रकार असल्याचे मान्य केले, निकाल मात्र कायम ठेवला. मासी यांचे पद तत्पूर्वीच गेले होते.

व्हर्स्टॅपेनने यात कोणता नियम मोडला? एकही नाही. त्याला जी फेरी मिळाली ती त्याने उत्तम चालवली. त्यामुळे त्याचे अभिनंदन करणे आणि संचालकाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागणे या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांशी संबंधित आहेत. हॉकीत किंवा कबड्डीत हा फरक पुसट असतो, कारण पंच तिथेच समोर उभा असतो आणि राग त्याच्यावर निघतो. मोटार शर्यतीत तक्रारीची जागा वेगळी असते : स्टुअर्डांची (निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांची) बंद खोली, लेखी अर्ज, ठरलेली मुदत, ठरलेले शुल्क. जी तक्रार तिथे करता येते ती पोडियमवर करायची नाही, आणि पोडियमवर मन मोठे केले म्हणून त्या खोलीत जायचे नाही असेही नाही. संघाची तक्रार फेटाळली गेली. अपिलाचा इरादा त्यांनी चार दिवसांनी, १६ डिसेंबरला, मागे घेतला.

एका ठिकाणी मात्र मी हॅमिल्टनचा अर्धा गुण कापतो. पहिल्या तिघांनी वार्षिक पारितोषिक समारंभाला हजर राहावे असा नियम होता आणि तो गेला नाही. त्या आठवड्यात मीही गेलो नसतो, ही गोष्ट निराळी.

आपण शिक्षक होता म्हणून एक जुने उदाहरण देतो. १९५८ साली पोर्तुगालमध्ये, पोर्तोच्या रस्त्यांवरच्या शर्यतीत, दुसरा आलेल्या माइक हॉथॉर्नला बाद करण्याची वेळ आली. बंद पडलेली गाडी सुरू करताना त्याने ती शर्यतीच्या उलट दिशेने नेली असा आक्षेप होता. शर्यत जिंकलेला स्टर्लिंग मॉस स्टुअर्डांपुढे गेला आणि, गाडी रस्त्यावर नव्हे तर पदपथावर होती, अशी साक्ष त्याने प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने दिली. हॉथॉर्नचे गुण वाचले. मोसमाच्या शेवटी हॉथॉर्नचे ४२ गुण झाले आणि मॉसचे ४१, तेही मॉसने चार शर्यती जिंकल्या असताना आणि हॉथॉर्नने एकच. मॉस पुढे कधीही जगज्जेता झाला नाही. लक्षात घ्या, मॉसने उदारपणे काही दान केले नाही. जे डोळ्यांनी पाहिले ते त्याने योग्य खोलीत जाऊन सांगितले. दाद मागायला माणूस ज्या खोलीत जातो, त्याच खोलीत तो दुसऱ्याच्या वतीने गेला, एवढाच फरक.

प्रश्न : संघाच्या आदेशावरून सहकाऱ्याला पुढे जाऊ देणे ही खिलाडूवृत्ती की लाचारी? (बँक कर्मचारी, नागपूर)

आदेश कोणी दिला आणि कशासाठी दिला यावर ते अवलंबून आहे. २००२ साली ऑस्ट्रियात रुबेन्स बॅरिकेलो शर्यत अक्षरशः खिशात घालून येत होता. फेरारीने त्याला सांगितले आणि शेवटच्या रेषेच्या तोंडावर त्याने वेग कमी करून मिखाएल शूमाकरला जाऊ दिले. मोसमाची ती जेमतेम सहावी शर्यत होती आणि शूमाकर गुणतक्त्यात तसाही कितीतरी पुढे होता. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ओशाळलेल्या शूमाकरने बॅरिकेलोला पोडियमच्या सर्वांत वरच्या पायरीवर ढकलले आणि विजेत्याचा करंडकही त्याच्या हाती दिला. गंमत अशी की पुढे दहा लाख डॉलरचा दंड झाला (निम्मा स्थगित), तो आदेशाबद्दल नव्हे, तर पोडियमवरचा शिष्टाचार मोडल्याबद्दल! पुढच्या मोसमापासून असे आदेश नियमानेच बंद झाले. ती बंदी २०११ मध्ये उठली, कारण सांकेतिक भाषेत आदेश देणे काही थांबले नव्हते.

याउलट १९५६ ची इटलीतली मोंझाची शर्यत पाहा. तेव्हा एका चालकाची गाडी दुसऱ्याने घेऊन पुढे चालवण्याची मुभा होती. फेरारीच्या हुआन मॅन्युएल फँजिओची गाडी नादुरुस्त झाली; त्याच संघातल्या लुइजी मुस्सोने आपली द्यायला नकार दिला, आणि तो त्याचा हक्कच होता. मग संघातलाच चोवीस वर्षांचा पीटर कॉलिन्स पिटमध्ये आला, त्याला स्वतःला जगज्जेता होण्याची संधी शिल्लक होती, आणि तरीही त्याने उतरून गाडी फँजिओला दिली. फँजिओ जगज्जेता झाला. दोन वर्षांनी कॉलिन्स जर्मनीतल्या नुरबर्गरिंगवर अपघातात गेला. कॉलिन्सचे ते देणे होते. बॅरिकेलोकडून ते काढून घेतले गेले. लाचारी म्हणायचीच असेल तर ती बॅरिकेलोची म्हणू नका, आघाडी भक्कम असतानाही ज्यांना धीर धरवला नाही त्यांची म्हणा.

प्रश्न : खिलाडूवृत्ती नेहमी हरणाऱ्याकडूनच का अपेक्षित असते? जिंकणाऱ्याचे काही कर्तव्य नाही का? (गृहिणी, डोंबिवली)

आहे, आणि ते पाहायचे तर २०१६ चे फ्रान्समधले ल मॉं पाहावे. चोवीस तासांची ही शर्यत टोयोटाने तोवर कधीच जिंकली नव्हती. शेवटची काही मिनिटे उरली असताना काझुकी नाकाजिमाच्या आघाडीवरच्या गाडीची शक्ती गेली आणि ती मुख्य सरळ रस्त्यावर, स्वतःच्या संघाच्या डोळ्यांदेखत, थांबली. मागची पोर्शे निघून गेली. टोयोटाने ती गाडी कशीबशी रेषेपर्यंत आणली, पण शेवटची फेरी नियमातल्या वेळेपेक्षा लांबल्यामुळे निकालपत्रकात तिला क्रमांकच मिळाला नाही. पोर्शेने आपल्या विजयाच्या आनंदातही टोयोटाला जाहीरपणे मानवंदना दिली. (जिंकलेल्या त्रिकुटातील नील यानीचे वडील भारतीय आहेत, हे जाता जाता.) टोयोटा २०१८ मध्ये जिंकली, तेव्हा रेषा ओलांडताना स्टिअरिंगवर नाकाजिमाच होता.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा कार्टिंग (छोट्या गाड्यांच्या शर्यती) करतो. मागे पडला की हातमोजे फेकतो, इंजिनच खराब होते म्हणतो, आणि मेकॅनिकशी बोलत नाही. गेल्या शर्यतीत मीही मार्शलशी वाद घातला, हे कबूल करतो. काय करावे? (पालक, कोल्हापूर)

शेवटचे वाक्य आपण लिहिलेत, त्यामुळे निम्मे उत्तर आपल्यालाच सापडले आहे. बहुतेक मार्शल स्वयंसेवक असतात आणि दिवसभर उन्हात झेंडे घेऊन उभे असतात. आपला आक्षेप रास्त असेल तर मुदतीत, लेखी, शुल्क भरून द्या, आणि तो देताना मुलाला सोबत न्या. बाबांनी आवाज न चढवता अर्ज लिहिला आणि ‘नामंजूर’ हे उत्तर घेऊन ते परत आले, हे त्याने एकदा पाहिले की दहा व्याख्यानांचे काम होईल.

आता इंजिनाविषयी. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण त्याला ऐकवू नका, कारण या खेळात अंगण कधी कधी खरोखर वाकडे असते. टायरमधली हवा थोडी चुकली, साखळी सैल राहिली, कार्ब्युरेटर नीट बसला नाही, तर बारा वर्षांचा मुलगा काय, जगज्जेताही मागे पडेल. म्हणून त्याचा दावा खोटा ठरवण्याऐवजी तो तपासून पाहावा. फेऱ्यांच्या वेळांचा कागद मिळतो, तो घ्या. सुरुवातीपासून प्रत्येक फेरी सारख्याच फरकाने संथ असेल तर गाडीत काही असू शकते. दोनच फेऱ्या बिघडलेल्या असतील आणि बाकीच्या चांगल्या असतील तर ती वळणे त्याने चुकवली आहेत. हा कागद मेकॅनिक आणि मुलगा यांनी शेजारी बसून वाचावा, आपण चहा प्यायला जावे. आणि हे त्याच दिवशी नको. परतीच्या प्रवासात शर्यतीविषयी बोलायचेच नाही, असा घरचा नियम करून पाहा. तो आपण होऊन बोलला तर ऐका.

हातमोजे फेकणे मला फारसे गंभीर वाटत नाही. बारा वर्षांचा आहे. मेकॅनिकशी न बोलणे गंभीर वाटते. गाडी ढकलत परत नेण्यापूर्वी त्याच्याशी हात मिळवायचा, पहिला आला तरी आणि शेवटचा आला तरी, ही गोष्ट मात्र हेल्मेट घालण्याइतकीच सक्तीची करा.

कारणे सांगण्याच्या सवयीविषयी त्याला निकी लाउडाची गोष्ट सांगा. १ ऑगस्ट १९७६ रोजी नुरबर्गरिंगवर लाउडा जळत्या गाडीत अडकला, मरता मरता वाचला, आणि सहा आठवड्यांत मोंझाला परतून चौथा आला. मोसमाची शेवटची शर्यत जपानमध्ये फुजीला होती. जेम्स हंटपेक्षा तो तीन गुणांनी पुढे होता. पाऊस इतका होता की समोरचे दिसत नव्हते, आणि भाजलेल्या पापण्यांमुळे लाउडाला धड उघडझापही करता येत नव्हती. दोन फेऱ्यांनंतर तो पिटमध्ये आला आणि उतरला. फेरारीचे इंजिनिअर मौरो फोर्गिएरी यांनी त्याला वाट काढून दिली होती : इंजिन बिघडले असे आपण सांगू. लाउडाने नकार दिला. या पावसात गाडी चालवणे वेडेपणाचे आहे म्हणून मी थांबलो, हेच त्याने सांगितले. हंट तिसरा आला आणि ६९ विरुद्ध ६८ असा जगज्जेता झाला. इंजिनावर ढकलले असते तर इटलीतल्या वर्तमानपत्रांची बोलणी टळली असती. शिवाय ते इंजिन काही बोलणार नव्हते!

मुलगा विचारील की मग त्याला काय मिळाले. सांगा, पुढच्याच वर्षी तो जगज्जेता झाला, आणि १९८४ मध्ये पुन्हा झाला, तेव्हा संघातल्याच आलँ प्रोस्टला त्याने अवघ्या अर्ध्या गुणाने मागे टाकले. प्रोस्टने त्या वर्षी सात शर्यती जिंकल्या होत्या, लाउडाने पाच. शेवटची शर्यतही प्रोस्टनेच जिंकली. म्हणजे या वेळी हिशोब लाउडाच्या बाजूने फिरला. तो का फिरला, याचा लाउडाच्या फुजीतल्या सचोटीशी काहीही संबंध नाही, हेही मुलाला सांगून टाका. नाहीतर खरे बोलल्याचे बक्षीस मागत तो पुढच्या शर्यतीला जाईल.

प्रश्न : आम्ही मित्र गेली बारा-तेरा वर्षे शर्यती एकत्र पाहतो. २०२१ नंतर ग्रुपमध्ये दोन तट पडले आणि दोघे बाहेर पडले. प्रेक्षकांसाठी काही नियम आहेत का? (संगणक अभियंता, ठाणे)

लेखी नाहीत. पण अबुधाबीनंतर लतीफीला ठार मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याला जाहीर निवेदन काढावे लागले. त्याची चूक एवढीच, की मागच्या क्रमांकासाठी झगडताना त्याची गाडी भिंतीवर गेली. मित्रांना परत बोलवा, आणि ते आले की २००८ च्या त्या शेवटच्या फेरीच्या वेळा एकदा एकत्र बसून पाहा. ग्लॉकने वाट मुद्दाम सोडली असा संशय घेऊन लोकांनी त्याला वर्षानुवर्षे छळले. टोयोटाच्या दुसऱ्या गाडीत यार्नो त्रुल्ली होता. त्याच्याकडेही कोरडेच टायर होते आणि त्याची शेवटची फेरी ग्लॉकइतकीच रखडली होती. त्याला कोणी एक शब्दही विचारला नाही, कारण हॅमिल्टनने त्या वळणावर ज्याला ओलांडले तो त्रुल्ली नव्हता.